गोल्फची सराव-साधनं कोणती घ्यावीत? मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गोल्फ खेळणारे मोजके आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा खरा खेळ बाहेरगावी होतो. संभाजीनगर-जालन्याची मंडळी पुण्याला येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर जातात, नांदेडकरांना त्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी फेरी होते आणि मधले सगळे दिवस गच्ची, अंगण किंवा शेत. त्यामुळे साधनांचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. पुण्यातल्या खेळाडूला चेंडू कुठे गेला हे दिसतं. आपल्याला समोर फक्त जाळी दिसते. खालची सगळी उत्तरं हे धरूनच लिहिली आहेत.

मधल्या टप्प्यावरचा खेळाडू म्हणजे नेमका कोण?

साधारण १० ते २० हँडिकॅपचा, म्हणजे एका फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पार) ढोबळमानाने तेवढे फटके जास्त घेणारा. चेंडू हवेत जातो, कधीकधी फार सुंदर जातो, पण भरवसा नाही. ग्रिप, उभं राहणं, चेंडू कुठे ठेवायचा हे सगळं माहीत झालेलं असतं. नवशिक्याच्या साधनांचा या खेळाडूला फारसा उपयोग नाही, कारण ती साधनं हालचाल शिकवतात. याला हालचाल येते. फटका नेमका कुठे बिघडला, हे त्याला कळत नाही.

साधन घेण्याआधी काय करावं?

आधी दुखणं शोधा. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत प्रत्येक होलनंतर एवढंच लिहा: फटका कुठे वाया गेला. टी वरून (होलचा पहिला फटका), ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक गवताकडे) मारताना, ग्रीनच्या आसपास की पटरने (ग्रीनवर चेंडू होलात ढकलायच्या क्लबने)? बरेच जण पटिंगला दोष देतात आणि पटिंगचं साधन विकत घेतात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांतल्या फटक्यांची आकडेवारी तपासली. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असं त्यांना दिसलं. तुमची वही वेगळं सांगत असेल तर वहीचं ऐका. पण वही हवीच.

आमच्याकडे रेंज (मोकळं सराव-मैदान) नाही, सगळा सराव जाळीतच. जाळीत कोणती साधनं खरंच उपयोगी पडतात?

हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

जाळीत मारताना तीन गोष्टी लपतात: चेंडू किती लांब गेला, किती उंच गेला आणि हवेत कुठे वळला. दोन गोष्टी मात्र जाळीतही अगदी स्पष्ट कळू शकतात. एक, चेंडू क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, कुठे लागला. दोन, तो कोणत्या दिशेने निघाला. या दोन गोष्टी दाखवणारं साधन आधी घ्या. बाकीचं नंतर.

फेसवर कुठे लागला हे पाहायला पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो, तो फेसवर हलकासा मारा. चेंडूचा ठसा उमटतो. तो नसेल तर चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने ठसठशीत ठिपका काढा आणि तो ठिपका फेससमोर येईल असा चेंडू ठेवा. शाई फेसवर उतरते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. चिकटवायच्या खास पट्ट्याही विकत मिळतात, पण त्या दर थोड्या फटक्यांनी बदलाव्या लागतात आणि पुन्हा मागवायच्या म्हणजे कुरिअरची वाट पाहणं आलं.

दिशेसाठी जाळीवर चेंडूच्या बरोब्बर समोर एक उभी रंगीत फीत लटकवा. चेंडूपासून जाळी १० फुटांवर असेल तर एका अंशाची चूक तिथे सुमारे २ इंचांची दिसते. फितीपासून ६ इंच बाजूला लागलेला चेंडू म्हणजे सुमारे ३ अंश, आणि तोच चेंडू १५० यार्डांवर ८ यार्ड बाजूला असता, तेही हवेत अजिबात वळला नाही असं धरून. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की जाळी बोलायला लागते. दहा चेंडू मारा आणि फितीच्या डावीकडे किती, उजवीकडे किती ते लिहा. सगळे एकाच बाजूला जात असतील तर ते दुरुस्त करणं सोपं आहे. दोन्हीकडे विखुरले असतील तर फेसवरचे ठसे पाहा, बहुधा तेही विखुरलेले सापडतील.

क्रिकेटची जाळी चालेल का? ती घरात पडूनच आहे.

नाही. इथे तडजोड करू नका. गोल्फचा चेंडू सुमारे ४.३ सेंटिमीटर व्यासाचा असतो, आणि क्रिकेटच्या बऱ्याच जाळ्यांचे घर त्याहून मोठे असते. चेंडू आरपार जातो किंवा अडकून जाळी फाडतो. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही (सगळ्यांत लांब मारायच्या क्लबवरूनही) तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. शेजारच्या गच्चीवर कोणी वाळवण घालत असेल तर काय होईल याचा विचार करा.

घर अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून बारीक हवं. शेडनेट बारीक असतं, पण ते उन्हासाठी असतं, माऱ्यासाठी नाही. गोल्फची जाळी मागवा. चौकट मात्र वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत कोणत्याही फॅब्रिकेटरकडून पाइपची करून घ्या, बाजारातल्या चौकटीपेक्षा मजबूत होते. जाळी ताणून बांधू नका, सैल सोडा. मागे फूटभर अंतरावर जुनी गोधडी किंवा जाड सतरंजी लटकवा. ताडपत्री ताणून लावली तर चेंडू परत तुमच्याच अंगावर येतो.

माझा स्लाइस (चेंडूचं हवेत उजवीकडे वळणं) जात नाही. स्विंगचा मार्ग दुरुस्त करणारं मोठं वर्तुळाकार साधन घेऊ का?

थांबा. चेंडू कुठे निघतो हे मुख्यतः फेस ठरवतो. तो हवेत कुठे वळतो हे फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या कोनावर ठरतं. उजव्या हाताच्या खेळाडूचा स्लाइस म्हणजे फेस मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला. वर्तुळाकार साधन फक्त मार्गाचं बघतं, फेसला हातही लावत नाही. मार्ग सुधारला आणि फेस तसाच उघडा राहिला, तर चेंडू आधीपेक्षाही उजवीकडे जातो आणि माणूस हताश होतो.

शिवाय ड्रायव्हरच्या बाबतीत आधी ठसा पाहा. हीलकडे (फेसच्या दांड्याकडच्या बाजूला) लागलेला चेंडू स्लाइसकडेच वळतो, स्विंग बरा असला तरी. एकाच आठवड्यात ठसा फेसच्या मध्यावर आला आणि निम्मा स्लाइस गेला, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यासाठी लागला फक्त पावडरचा डबा.

ठसा मधोमध असूनही चेंडू वळत असेल तर ग्रिप तपासा, आणि मग मार्गासाठी जमिनीवर दोन काठ्या पुरतात.

त्या काठ्या कोणत्या कंपनीच्या घ्याव्यात?

कोणत्याही नाहीत. फायबरग्लासच्या काठ्या सुमारे ४ फूट लांब असतात आणि छान असतात. पण वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो कापून घेतला की झालं. लातूरच्या गंजगोलाईत असो की संभाजीनगरच्या गुलमंडीवर, पाच मिनिटांचं काम आहे. एक काठी चेंडूपलीकडे लक्ष्याच्या रेषेला समांतर, दुसरी पायांच्या बोटांशी. एवढ्यानेच कित्येकांच्या लक्षात येतं की आपण इतके दिवस वीस यार्ड उजवीकडे तोंड करून उभे होतो.

काठी जमिनीत तिरपी रोवून तिच्याखालून स्विंग करायचे व्यायाम व्हिडिओंत दिसतात. तिथे पाइप वापरा, लोखंडी सळई कधीच नको.

आयर्नचा (लोखंडी क्लबचा) चेंडू कधी फॅट (क्लब आधी जमिनीत), कधी टॉप (चेंडूच्या वरच्या भागाला). मॅटवर मात्र सगळे चांगले लागतात. असं का?

कारण मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या दोन इंच आधी टेकला तरी मॅटवर तो घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच क्लब जमिनीत रुततो.

यावरचं सगळ्यांत चांगलं साधन आपल्याकडे फुकट आहे. शेतात किंवा अंगणात चार फूट लांब पट्टा दाताळ्याने भुसभुशीत करून सपाट करा, खडे वेचून काढा आणि त्यावर फक्कीची आडवी रेघ मारा. चेंडू न ठेवता रेघेवर स्विंग करा. मातीला लागलेला घाव रेघेवर सुरू होऊन लक्ष्याच्या बाजूला गेला पाहिजे. रेघेच्या मागे सुरू झाला तर तो फॅट. जमिनीला लागलाच नाही तर टॉप होणार. रेघेवर पावलाएवढं सरकत पुढचा स्विंग करा. पट्टा संपला की रेघेकडे मागे वळून पाहा, तुमचा सगळा सराव मातीवर लिहिलेला असतो. एवढं प्रामाणिक उत्तर कोणतंही विकतचं यंत्र देत नाही.

रेघेवर बऱ्यापैकी सातत्य आलं की मग चेंडू ठेवा. गच्चीवरच सराव असेल तर चेंडूमागे चार-पाच इंचांवर घडी केलेला पंचा ठेवा. क्लब पंचाला लागला तर कळतं.

आपल्या काळ्या मातीबद्दल एक सूचना. रब्बीची काढणी झाल्यावर ती दगडासारखी होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तिच्यावर थेट मारू नका, मनगट दुखावेल. पावसाळ्यात ती क्लबला चिकटून बसते. मुरमाड जमिनीवर तर चांगला क्लब नेऊच नका, फेसवर ओरखडे पडतात. भुसभुशीत केलेला पट्टाच हवा. आणि हिरवळ लावायचा विचार मनात आणू नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात सरावासाठी लॉनवर पाणी सोडणं मला पटत नाही.

मॅट घ्यायचीच असेल तर?

जाड घ्या, किमान दोन थरांची, खाली मऊ रबर असलेली. पातळ मॅट सिमेंटच्या गच्चीवर टाकून रोज मारलं की कोपर दुखायला लागतं. दुखायला लागलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. नुसत्या चिपिंगसाठी (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांसाठी) काथ्याचं जाड पायपुसणं उत्तम. त्याचे उभे धागे गवतासारखे लागतात आणि ते दर गावात मिळतं.

पटिंगसाठी घरी काय ठेवावं?

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पटिंग हा एकच भाग असा आहे की जिथे आपण पुण्या-मुंबईच्या खेळाडूपेक्षा जराही मागे राहण्याचं कारण नाही. दहा फूट सपाट जागा कोणत्याही घरात असते.

पट कोणत्या दिशेने निघेल हे जवळजवळ पूर्णपणे पटरचा फेस ठरवतो. होलचा व्यास सव्वाचार इंच. दहा फुटांवरून एका अंशाची चूक म्हणजे चेंडूचा मध्य होलच्या मध्यापासून दोन इंच बाजूला, म्हणजे अगदी काठावर. तेव्हा सरावाचं लक्ष्य एक अंशाच्या आत राहणं हेच आहे.

ते तपासायला दोन पेन्सिल सेल घ्या. चेंडूपुढे ५० सेंटिमीटरवर, एकमेकांपासून ५ सेंटिमीटर अंतर सोडून उभे करा. चेंडू दोन्ही सेलांच्या मधून कशालाही न लागता गेला तर तो अर्ध्या अंशाच्या आतच निघाला, हे नक्की. सेल पडला की चूक झाली आणि कोणत्या बाजूला झाली हेही कळलं. विकत मिळणारी पटिंगची दारं हेच करतात.

त्यापुढे पैसे खर्च करायचे असतील तर पटिंगचा आरसा घ्या. डोळे चेंडूवर आहेत की आत-बाहेर, खांदे रेषेत आहेत का, हे तो दाखवतो. हे स्वतःला जाणवत नाही, म्हणून आरशाचे पैसे वाया जात नाहीत.

मॅटच्या बाबतीत दोन इशारे. शेवटी चढ असलेली आणि चेंडू परत पाठवणारी मॅट टाळा. त्या चढावर चेंडू पोचवायला हात जोर लावायला शिकतो आणि मैदानावर सगळे पट पाच फूट पुढे जातात. आधीच घेतली असेल तर चढाच्या अलीकडे एक नाणं ठेवून त्यावर थांबवायचा सराव करा. दुसरं, शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर नुसता चेंडू ढकलत बसू नका. वेग कोणत्याच ग्रीनसारखा नसतो आणि सांध्यावरून चेंडू उडतो. खाली जाजम अंथरा. फरशीची सांध मात्र स्ट्रोक सरळ मागे-पुढे जातो का हे बघायला झकास रेष आहे.

वेगासाठी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन यांनी ग्रीनचा वेग मोजायला एक साधी पन्हळ बनवली. आजच्या स्टिम्पमीटरमध्ये ती ३ फूट लांब असते, खालच्या टोकापासून ३० इंचांवर एक खाच असते. एक टोक हळूहळू उचललं की चेंडू सुमारे २० अंशांवर खाचेतून सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट जातो तितका त्या ग्रीनचा वेग. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून कोनाकृती पट्टीची तशी पन्हळ करून घेता येते. अधिकृत मोजमापाला ती चालणार नाही, पण पुण्याच्या सरावाच्या ग्रीनवर आणि घरच्या जाजमावर एकाच पन्हळीने मोजलंत तर दोन्हींतला फरक तुमच्या हाती येतो.

हाताला बांधायचे पट्टे, साचेबद्ध ग्रिप, हातांमध्ये धरायचे चेंडू: यांचा उपयोग होतो का?

साधनांचे दोन प्रकार करा. एक तुम्हाला सांगतो, दुसरा तुम्हाला पकडून ठेवतो. पावडर, सेल, फक्की, आरसा हे सांगणारे. मनगट जखडणारा पट्टा, साच्यात बोटं बसवणारी ग्रिप हे पकडणारे. पकडणाऱ्या साधनात स्विंग लगेच चांगला होतो आणि साधन काढलं की लगेच बिघडतो. १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी हालचाली शिकण्याबद्दल नेमकं हेच मांडलं होतं: सतत मिळणारं मार्गदर्शन सरावाच्या वेळी कामगिरी सुधारतं, पण माणूस त्याच्यावर विसंबतो आणि ते काढून घेतल्यावर शिकलेलं टिकत नाही.

हातांच्या मधला हवेचा चेंडू मात्र मला मान्य आहे. हात आणि छाती एकत्र वळत नसतील तर तो खाली पडतो, म्हणजे तो सांगतो. लहान पिचांसाठी (ग्रीनकडे मारायच्या छोट्या, उंच फटक्यांसाठी) वापरा, पूर्ण ड्रायव्हरसाठी नको.

आणि सांगणारं साधनही सतत नको. तीन चेंडू साधनासह, तीन साधनाशिवाय. साधनाशिवायच्या चेंडूनंतर आधी स्वतः अंदाज करा, कुठे लागला असेल, आणि मग ठसा बघा. अंदाज बरोबर यायला लागले की ते साधन कपाटात ठेवायची वेळ झाली.

लवचीक दांड्याचं, टोकाला जड गोळा असलेलं साधन घ्यावं का?

लय घाईची असेल तर घ्या. ऑरेंज व्हिप त्यातलं प्रसिद्ध. वरून घाईने ओढलं की दांडा विचित्र वाकतो आणि लगेच जाणवतं. सकाळी अंग मोकळं करायलाही चांगलं. फोनवरचा मेट्रोनोम फुकटात लयीचं बरंचसं काम करतो: बॅकस्विंगला तीन ठोके, खाली येऊन चेंडूपर्यंत एक.

आणि वेग वाढवायच्या काठ्या?

सुपरस्पीडसारख्या संचात तीन काठ्या असतात: एक ड्रायव्हरपेक्षा २० टक्के हलकी, एक १० टक्के हलकी, एक ५ टक्के जड. वेग वाढवायला त्या मदत करतात. पण ठसा फेसभर विखुरलेला असताना वेग वाढवून काय मिळणार? आधी चेंडू मध्यावर. पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि निघण्याचा कोन मोजणारं यंत्र) परवडेल असा आला आहे. जाळीत मारणाऱ्याने तो घ्यावा की नाही?

खर्च झेपत असेल तर आपल्याकडे तो पुण्याच्या खेळाडूपेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण जाळी जे लपवते ते तो काही प्रमाणात दाखवतो. पण तो काय मोजतो आणि काय हिशेबाने काढतो हे समजून घ्या. गार्मिन आर १० सारखं रडारवर चालणारं यंत्र चेंडूमागे ६ ते ८ फुटांवर ठेवावं लागतं, आणि पुढेही चेंडूला काही फूट उडायला जागा लागते. म्हणजे सोळा-अठरा फूट मोकळी लांबी हवी. छोट्या गच्चीवर जागा मोजल्याशिवाय मागवू नका. जाळीत चेंडू दहा फुटांत थांबतो, तेव्हा पडद्यावर दिसणारं अंतर हा अंदाज असतो. चेंडूचा वेग आणि निघण्याचा कोन यांवर जास्त विश्वास ठेवा.

तोवर फोन आणि स्टँड. मागून चित्रण करताना कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवा. दर वेळी जागा तीच हवी, नाहीतर मागच्या महिन्याच्या चित्रणाशी तुलना खोटी ठरते.

उन्हाळ्यात ही साधनं कुठे ठेवावीत?

गच्चीवर आणि बंद गाडीत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, रबर कडक होतं, चिकटवलेले थर सुटतात, बॅटरीवरच्या यंत्राचं आयुष्य घटतं. जाळीचा धागाही उन्हाने कुजतो, म्हणून ती गुंडाळून सावलीत ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर ओढून तपासा.

स्पर्धेत बॅगेत काठ्या राहिल्या तर दंड होतो का?

नुसत्या बॅगेत असल्या तर नाही. फेरी सुरू असताना त्या जमिनीवर ठेवून दिशा घेतली, किंवा वजन लावलेल्या क्लबने सरावाचा स्विंग केला, तर नियम ४.३ मोडतो. पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तेव्हा) दोन फटक्यांचा दंड किंवा मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचं असतं तेव्हा) होल गमावणं, दुसऱ्या वेळी थेट बाद. फेरी सुरू होण्याआधी सरावाच्या जागेवर मात्र वापरा.

मी डावखुरा आहे. माझ्यासाठी काय बदलतं?

काठ्या, पावडर, सेल, फक्की, आरसा यांत काहीच बदलत नाही. वर जिथे उजवीकडे लिहिलं आहे तिथे डावीकडे वाचा. साचेबद्ध ग्रिप आणि काही मॅट मात्र उजव्या हाताच्याच येतात, मागवण्याआधी विचारा.

सगळं मिळून पाच हजारांत काय घेऊ?

जाळी आधीपासून आहे असं धरतो. पाइपच्या दोन काठ्या, पावडरचा स्प्रे, मार्कर, पटिंगचा आरसा, काथ्याचं पायपुसणं, फोनचा स्टँड, फक्कीची पुडी. पाच हजारांतले पैसे उरतील. उरलेल्यातून चांगल्या प्रशिक्षकाकडे एक तास घ्या, पुण्याला जाल त्याच फेरीत. जाताना जाळीवरच्या दहा-दहा चेंडूंच्या नोंदी आणि ठशांचे फोटो घेऊन जा. तुमचा फटका कुठे बिघडतो हे शोधण्यात त्यांचा अर्धा तास जाणार नाही, आणि पूर्ण तास दुरुस्तीला मिळेल.